नेम धरायची जर्मन काच

इंद्रजितराव पुकळ्यांची चौतीस वर्षांची नोकरी एका प्रश्नावर निघाली होती. विश्रामबागेतल्या एका सरकारी कचेरीत ते हेडक्लार्क होते. कोणाचीही फाईल समोर आली की ते चष्मा कपाळावर सरकवत, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत ती उलटत आणि शेवटच्या पानावर बोट ठेवून विचारत, "जागेवर जाऊन कोण बघून आलंय?" कोणी गेलेलं नसलं की फाईल परत. साहेब बदलले, सरकारं बदलली, एकदा तर कचेरीतला पंखासुद्धा बदलला, पण स्थळपाहणीशिवाय इंद्रजितरावांची सही कोणाच्या बापाला मिळाली नाही. हे आधी सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढचं सगळं या माणसाच्या हातून झालं आहे.

श्रावण संपता संपता गावाहून दिग्विजयचा फोन आला. गाव कडेगावच्या पुढे, माळावर. दिग्विजय भावकीतला, पुकळ्यांच्या बांधाला बांध लागून असलेला, आणि गेली दोन वर्षं त्यांचं तीन एकर रान वाट्याने करणारा.

"दादा, डुकरांनी रान खाल्लं की वो," तो म्हणाला. "मका निम्मा गेला."

"एसटीच्या खिडकीतनं तर हिरवागार दिसतोय म्हणाली होती ना माझी बायको, बेंदराला आली तेव्हा?"

"वरनं हिरवं दिसतंय, दादा. आत पोकळ हाय."

त्याच्याच फोनवर मग धोंडुबाई आल्या. धोंडुबाई म्हणजे इंद्रजितरावांची चुलती. आई लवकर गेल्यावर त्यांना हिनेच वाढवलं, मेंढरांमागे हिंडताना पाठीशी बांधून. ते तिला नानी म्हणत.

"इंद्रा, माझं गुडघं गेलं," नानी म्हणाली. "वड्यापल्याड जाणं व्हत न्हाई आता. दिग्या रोज पाटीभर खाल्लेली कणसं आणून दावतोय, जीव तुटतो रं. दिवाळीच्या पाडव्याला त्याला रान खंडानं देऊन टाकू. पाच वरसं ऊस करंल, घरात पैसं आणून दील. तुला काय वाटतं?"

इंद्रजितरावांना जे वाटलं ते असं, की पायाखालची सतरंजी कोणीतरी ओढतंय. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. त्यानंतर गावी जायचं, ओढ्याकाठी दोन खोल्या बांधायच्या, एक म्हैस, एक बाज आणि समोर आपलं रान, हे त्यांनी सबंध कॉलनीला इतक्या वेळा सांगितलं होतं, की कॉलनीतली निम्मी माणसं त्या बाजेवर मनाने झोपूनही आली होती. आणि भावकीत एकदा खंडाने गेलेलं रान परत येतं ते कोर्टाच्या तारखांमधून, हे कचेरीत बसणाऱ्या माणसाला कोणी सांगावं लागत नाही.

"पाडव्यापर्यंत थांब नानी," ते म्हणाले. "डुकरांचा बंदोबस्त मी करतो. नाही झाला तर मी स्वतः कागदावर सही करतो."

फोन ठेवल्यावर सुलाबाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, एवढंच म्हणाल्या, "अहो, एकदा रानात जाऊन बघून तरी या."

"दिग्विजय रोज बघतोय की," इंद्रजितराव म्हणाले. चौतीस वर्षांत हे वाक्य त्यांना कोणी ऐकवलं असतं तर त्याची फाईल त्यांनी खिडकीतून टाकली असती.

घरात एक बंदूक होती. एकनळी, छर्‍याच्या काडतुसांची, वडिलांनी शेतरक्षणाच्या परवान्यावर घेतलेली आणि त्यांच्यामागे रीतसर इंद्रजितरावांच्या नावावर आलेली. तिचा शेवटचा बार वडिलांनीच काढला होता, लांडग्यावर. लांडगा वाचला, घरामागचं पाण्याचं पिंप गेलं. तेव्हापासून ती कपाटावर झोपून होती. इंद्रजितरावांनी ती खाली घेतली, धूळ झटकली आणि खांद्याला लावून आरशात पाहिलं. आरशात दिसलेला माणूस त्यांना आवडला.

ही बातमी शेजारच्या सुभेदार जयरावांना, म्हणजे नाव जयराज, पण कॉलनीत सगळे जयरावच म्हणत, चहाच्या आत पोचली. सुभेदार लडाखपासून जैसलमेरपर्यंत सगळीकडे राहिलेले. बहुतेक काळ ते लष्कराच्या रेशनच्या कोठारात होते, पण ते हे स्वतःहून सांगत नसत.

"पुकळेसाब, बंदूक कसलीबी चालंल," ते बशीत चहा ओतत म्हणाले, "पण दुर्बिणीत कंजुषी नको. डुक्कर येतंय फर्स्ट लाइटला. त्या टायमाला स्वस्तातल्या काचंतनं डुक्कर कुठलं आन् ढेकूळ कुठलं, वळखत न्हाई. जर्मन काच घ्या. एकदाच घ्यायची, नातवंडं वापरत्यात."

इंद्रजितरावांना नातवंडं नव्हती, पण मुद्दा पटला. तरी सरकारी माणूस दुसरं मत घेतल्याशिवाय खरेदी करत नाही, म्हणून ते मिलिंदच्या दुकानात गेले. मिलिंदचं चौकात चष्म्याचं दुकान होतं आणि काचेबद्दल त्याच्याइतकं जाणणारा माणूस त्या भागात नव्हता.

"साहेब, शिकारीचं मला कळत नाही, काचेचं कळतं," मिलिंद म्हणाला. "दुपारी बारा वाजता हजाराची काच आणि लाखाची काच सारखीच. उजेड कमी झाला की पैसे कुठे गेले ते दिसायला लागतं. पण एक सांगा, तुमची बंदूक किती लांब जाते?"

"चाळीस पावलं."

"आणि काच?"

"हजार पावलं म्हणतात."

मिलिंदने हातातला चष्मा फडक्याने पुसला, उजेडाकडे धरला आणि पुन्हा पुसला. "म्हणजे नऊशे साठ पावलं नुसतं बघायलाच," तो म्हणाला. "त्यापेक्षा साहेब, नानींना एकदा दुकानात घेऊन या. मागं तुमच्या गावी आलो होतो तर मला बघून त्या म्हणाल्या, ये जयराज, बस. मी म्हटलं, सुभेदारांना मिशा आहेत, नानी."

"डुकरांचा विषय चाललाय, मिलिंद. नानीचा नाही," इंद्रजितराव जरा घुश्श्यातच म्हणाले आणि पुण्याच्या गाडीत बसले.

पुण्याच्या दुकानात टाय लावलेल्या विक्रेत्याने तीन दुर्बिणी मांडल्या. पहिली परवडणारी होती, दुसरी बरी होती. तिसरी त्याने मखमलीवर ठेवली आणि तिच्याबद्दल काही बोललाच नाही. इंद्रजितरावांनी ती डोळ्याला लावली, तेव्हा तो हळूच म्हणाला, "सर, तुम्हाला शोभते." चौतीस वर्षांत त्यांना काही शोभतं असं कोणी म्हटलं नव्हतं. तिच्या किमतीत दोन माणसं विमानाने चारधाम करून परत आली असती. त्यांनी सुलाबाईंना निम्मी किंमत सांगितली. सुलाबाईंनी मनातल्या मनात ती दुप्पट केली आणि त्या दिवशी आमटीत मीठ घातलं नाही.

दुर्बीण मात्र खरोखर अस्सल निघाली. गच्चीवरून पाहिलं तर चौकातल्या औषधाच्या दुकानातल्या देवाच्या तसबिरीचा हार कधी बदललाय ते कळत होतं. साखर वर्ज्य असलेले सुभेदार जिलेबीच्या गाड्याआड उभे राहून काय करतात तेही कळलं. तिसऱ्या दिवशी सोसायटीच्या फळ्यावर नोटीस लागली: "गच्चीवर दुर्बीण लावून बसणाऱ्या सभासदाने लेखी खुलासा करावा." इंद्रजितरावांनी दोन पानी खुलासा केला. डुक्कर हा शब्द त्यात अकरा वेळा आल्याने शेजारच्या बाई जास्तच भडकल्या.

आता दुर्बीण बंदुकीवर बसवायची होती. जुन्या बंदुकीला तशी सोयच नव्हती. सुभेदारांनी त्यांना ओळखीच्या एका लेथवाल्याकडे नेलं. त्याने बोअरच्या पाइपाला लावतात तसल्या दोन पट्ट्या घेतल्या, एक नळीवर आवळली, दुसरी मागे दस्त्याजवळ, आणि वरून नटबोल्ट पिळले.

"भूकंप झाला तरी हलायची न्हाई, साहेब," तो म्हणाला.

ते खरं होतं. त्याच्या या वाक्याचा पूर्ण अर्थ कळायला मात्र तीन आठवडे लागले.

तिसरी गोष्ट परवानगी. पीक खाणारं डुक्कर मारायलाही वनखात्याचा कागद लागतो. अर्ज गेला, दिग्विजयने पाठवलेला कुरतडलेल्या कणसाचा फोटो जोडला. तिथले बाबू म्हणाले, "पंचनामा लागेल. आमचा माणूस जागेवर जाऊन बघेल, मग देऊ."

"अहो, मीही सरकारी माणूस आहे," इंद्रजितराव म्हणाले. "माझ्या शब्दावर एवढं होणार नाही का?" आणि त्यांनी दोन चहा, एक ओळखीचा फोन आणि आपलं ओळखपत्र खर्ची घालून स्थळपाहणी टाळली. हे करताना त्यांना जराही चुकल्यासारखं वाटलं नाही. माणूस काम करणारा असला की त्याला नियमातली माणुसकी दिसते, असं त्यांनी घरी येऊन सुलाबाईंना समजावलं. सुलाबाई भाजी निवडत होत्या, त्यांनी मान वर केली नाही.

खांडेनवमीला बंदूक गावी नेली. शस्त्रपूजा घरच्या देवापुढेच व्हायला हवी, असं नानीचं म्हणणं. पाटावर कोयता, विळे, मेंढरं कातरायची कातर, आणि मधोमध जर्मन काच चढवलेली एकनळी. भावकी बघायला जमली. दिग्विजय बंदुकीभोवती दोनदा फिरला आणि म्हणाला, "लय भारी दिसतीया दादा. मोठं सावज आडवं हुतंय आता." मग लगेच आत जाऊन तो तांब्याभर पाणी प्यायला.

नानी गुडघ्यावर हात ठेवत पाटाशी बसली. तिने कोयत्याला हळदकुंकू लावलं, विळ्यांना लावलं, चुकून इंद्रजितरावांच्या अंगठ्याला लावलं, मग बंदुकीवर हात फिरवत दुर्बिणीपाशी आली. तिचं गोल तोंड बोटांना लागलं. तिने मूठभर भंडारा घेतला आणि पुढच्या काचेवर नीट दाबून चोळला. मग मागच्या काचेवर. मग दोन्हींवर कुंकवाचं बोट ओढलं.

"नानी, अगं ती काच आहे," इंद्रजितराव कळवळले.

"मंग? डोळाच हाय न्हवं तो?" नानी म्हणाली. "द्येवाचा भंडारा लागलाय डोळ्याला. आता न्याम चुकायचा न्हाई." आणि तिने नारळ फोडून पाणी वरून ओतलं.

ती दुर्बीण पाण्यात बुडाली तरी चालेल, धुक्यात चालेल, बर्फात चालेल, असं तिच्या पुस्तिकेत सहा भाषांत लिहिलं होतं. भंडाऱ्याबद्दल जर्मन लोकांनी काही लिहिलेलं नव्हतं. पुढे मिलिंदने दोन दिवस खपून काचा साफ केल्या, तरी कडेला एक पिवळी कड राहिली ती राहिलीच. "नानींना काच आणि लोखंड वेगळं दिसलं नाही, साहेब," मिलिंद पुन्हा म्हणाला. इंद्रजितरावांनी पुन्हा विषय डुकरांकडे वळवला. खांडेनवमीला ते गावी दोन रात्री राहिले, पण ओढा ओलांडून रानात गेले नाहीत. दिग्विजय म्हणाला, "नगा दादा, बघवायचं न्हाई तुमाला," आणि त्यांनाही बघवणार नाही असं वाटलं.

परवानगीचा कागद हातात आला त्या दिवशी इंद्रजितराव सुट्टी टाकून निघायच्या तयारीत होते. दुपारी निवडणूक जाहीर झाली. संध्याकाळी आचारसंहिता लागली. दुसऱ्या दिवशी ठाण्यातून निरोप आला: परवानाधारकांनी आपापली शस्त्रं जमा करावीत.

ठाण्यात रांग होती. त्यांचा नंबर आल्यावर हवालदाराने बंदूक हातात घेतली, दुर्बिणीकडे पाहून भुवया वर केल्या आणि म्हणाला, "उघडा. रिकामी हाय का बघू दे."

एकनळी बंदूक मधोमध मोडते, तेव्हा काडतूस आत जातं. इंद्रजितरावांनी कळ दाबली. बंदूक मोडली नाही. त्यांनी गुडघ्यावर दाबली. हवालदाराने टेबलावर दाबली. मागच्या रांगेतल्या दोघांनी दोन टोकं धरून ओढली. लेथवाल्याने एक पट्टी नळीवर आणि दुसरी दस्त्याजवळ आवळून बंदूक एकसंध करून टाकली होती. भूकंपाने हलली नसती ती यामुळेच.

"म्हंजे ह्यात काडतूस घालायचं कसं?" हवालदाराने विचारलं.

इंद्रजितरावांनी पट्टीचा नट बोटांनी पिळून बघितला. रांगेतला एकजण म्हणाला, "डुकरालाच इच्यारायचं, दोन मिंट थांब म्हणून."

शेवटी मोटारसायकलवाल्याचा पाना आणून दुर्बीण सोडवली. बंदूक उघडली, रिकामी निघाली, जमा झाली. हवालदाराने नोंदवहीत लिहिलं आणि दुर्बीण परत त्यांच्या हातात दिली.

"हीपण ठेवून घ्या ना," इंद्रजितराव म्हणाले. त्यांना आता ती नजरेसमोर नको होती.

"परवान्यावर लिवल्याली न्हाई. वहीत कॉलम न्हाई," हवालदार म्हणाला. नियम बरोबर होता. दुसऱ्या कोणत्याही दिवशी इंद्रजितरावांनी त्या हवालदाराची पाठ थोपटली असती.

पाडव्याच्या पहाटे ते गावी पोचले ते बंदुकीविना, हातात एका मऊ पिशवीत दुर्बीण घेऊन. सही करायला पेनही आणलं होतं. दिलेला शब्द पाळायचा, एवढंच आता शिल्लक होतं. एसटीत सबंध वाट त्यांना ओढ्याकाठची बाज दिसत होती आणि ती कोणीतरी उचलून नेत होतं. घर उंचावर, पुढे ओटा, खाली ओढा, आणि ओढ्यापलीकडे रान. ओट्यावर नानी शाल पांघरून बसली होती. शेजारी दिग्विजय, त्याच्या मांडीवर खंडाचा कागद, आणि पायापाशी कालची पाटी, कुरतडलेल्या कणसांनी भरलेली.

"दादा आलं," दिग्विजय म्हणाला. "बंदूक?"

"जमा आहे."

"आरारा," दिग्विजय म्हणाला, आणि कागद उलगडला.

इंद्रजितराव खाली बसले. नुकतं फटफटत होतं. सही करायच्या आधी त्यांना वाटलं, एवढे पैसे घातलेत, निदान एकदा आपल्या रानाकडे या काचेतून बघावं. त्यांनी दुर्बीण काढली, कोपर गुडघ्यावर टेकवलं. ती पिवळी कड सोडली तर ओढ्यापलीकडचं पान नि पान पुढ्यात आलं. आणि मक्याच्या ओढ्याकडच्या कोपऱ्यातून एक डुक्कर बाहेर पडलं. काळं, राकट, एक कान फाटलेलं. मिलिंद म्हणाला तसंच होतं, पैसे कुठे गेले ते दिसत होतं.

"नानी, डुक्कर," ते कुजबुजले.

"कुठं? दाव मला. तीन महिनं खातंय, एकदा थोबाड तर बघू दे मेल्याचं."

त्यांनी दुर्बीण तिच्या डोळ्याला लावली, चार बोटं लांब धर म्हणून सांगितलं, तिच्या हाताखाली आपला हात दिला. नानीने दुसरा डोळा मिटला. मग दुर्बिणीवरचा डोळा न काढता तिने हाळी दिली. पन्नास वर्षं माळावर मेंढरं वळवणारा तो गळा होता. कावळे उडाले, दिग्विजयच्या मांडीवरचा कागद घसरला, आणि ओढ्यापलीकडे डुक्कर जागच्या जागी उडून मक्यात घुसलं.

"पळतंय बघ, पळतंय," नानी म्हणाली आणि दुर्बीण त्याच्या मागोमाग फिरवू लागली, या बांधापासून त्या बांधापर्यंत. फिरवता फिरवता तिचा हात मंदावला. मग थांबला. मग ती उलटी, सावकाश, एकेक सरी बघत परत आली.

"इंद्रा," ती म्हणाली, "मका उभा हाय की रं."

इंद्रजितरावांनी दुर्बीण घेतली. नानीचा ओटा उंचावर होता, त्यामुळे सऱ्यांच्या मधलं सगळं दिसत होतं. मका उभा होता. कणसं भरलेली होती, मिशा वाळत आलेल्या होत्या. फक्त ओढ्याकडचा एक कोपरा, दोन बाजांएवढा, आडवा झाला होता. पाट्यांमधली सगळी कणसं तिथलीच असणार. जागेवर जाऊन कोण बघून आलंय, हा प्रश्न त्यांच्या तोंडाशी आला आणि त्यांनी तो फाईलसारखा परत पाठवला, कारण उत्तर त्यांना माहीत होतं.

"दिग्या," नानी म्हणाली, "आत पोकळ हाय म्हनलास न्हवं?"

दिग्विजयने ओढ्याकडे बघितलं, आभाळाकडे बघितलं, मग पाटीकडे. "पावसानं सावारला असंल, नानी," तो म्हणाला.

"ही कणसं उचल," नानी म्हणाली, "आन् तुज्या मेंढरास्नी घाल. कागद चुलीत घालते मी. आन् त्या कोपऱ्याला बाभळीच्या काटेरी फेसाट्या टाक आजच. तुज्या वाट्याचं बघू मका काढल्यावर."

दिग्विजय पाटी घेऊन गेला. तसा तो वाईट माणूस नव्हता. कोणी बघत नसलं की जेवढं वाईट होता येतं, तेवढाच होता. इंद्रजितराव पेन खिशात परत ठेवताना त्याच्यावर रागावणार होते, पण राग धरायला आधी स्वतःला बाजूला ठेवावं लागलं असतं.

निवडणूक झाली, बंदूक परत मिळाली आणि पुन्हा कपाटावर गेली. दुर्बीण मात्र नानीने सोडली नाही. तिने तिला मेंढराच्या लोकरीची पिशवी विणली. मिलिंदने डोळ्यांत मोतीबिंदू आहे, शस्त्रक्रिया करून घ्या म्हणून हात जोडले, तर ती म्हणाली, "एक डोळा करते. दुसऱ्याला हे हाय की." आता ती रोज सकाळी ओट्यावर बसून रान, ओढा, दिग्विजय आणि निम्मं गाव बघते. तिच्या हद्दीत डुक्कर येत नाही आणि शेजारच्या सुना उशिरा उठत नाहीत. महागाची दुर्बीण शिकारीसाठी घ्यावी का, असं सुभेदारांनी परवा विचारलं तेव्हा इंद्रजितराव म्हणाले, "घ्यावी. फक्त बंदूक जमा करून मग घ्यावी."

मागच्या शनिवारी ते गावी निघाले होते. एसटीच्या थांब्यापासून घर चांगलं अर्धा मैल. ते चढणीला लागले तेवढ्यात खिशातला फोन वाजला. नानीचा होता, त्यांनीच तिला घेऊन दिलेल्या फोनवरून.

"इंद्रा, दिसलास बघ," ती म्हणाली. "दुर्बिणीत धरलाय तुला. हलू नगंस जरा."

ते रस्त्याच्या मधोमध थांबले.

"टोपीखालचं क्यास लय पांढरं झाल्यात की रं तुझं," नानी म्हणाली. "कवापासनं?"

इंद्रजितरावांनी टोपी काढली, तिला नीट दिसावं म्हणून, आणि ते तिथेच उन्हात उभे राहिले.